शेतातले उंदीर, घूस आणि चिचुंद्री : वर्गात शिकवताना आणि घरी बोलताना



आजचा पाठ पुस्तकात जसाच्या तसा सापडणार नाही. परिसर अभ्यासात 'अन्नसाखळी' येते, 'शेतकऱ्याचे मित्र आणि शत्रू' येतात, गणितात शेकडेवारी येते. हे सगळं एकाच विषयातून शिकवता येतं आणि तो विषय म्हणजे आपल्या बांधावरचा उंदीर. मी हा पाठ पाचवीच्या वर्गाला घेतला. का घेतला, ते आधी सांगते.

डिसेंबर महिना होता. गहू पोटरीत आला होता. वर्गात सहज विचारलं, "तुमच्या शेतात उंदीर लागलेत का रे?" बहुतेक सगळे हात वर. मग विचारलं, "घरी काय उपाय करतात?" तर एक मुलगा उभा राहिला आणि मोठ्या अभिमानाने म्हणाला, "मॅडम, काल मी आणि बाबांनी औषधाच्या गोळ्या केल्या. बाजरीच्या पिठाच्या. मीच कालवलं पीठ." मी विचारलं, "हाताने?" तो म्हणाला, "हो, मग कशाने?"

त्या दिवशीचा ठरलेला पाठ मी बाजूला ठेवला. त्याचे हात साबणाने दोनदा धुवून घेतले, मळमळ, पोटदुखी काही होतंय का ते विचारलं, आरोग्य उपकेंद्रात फोन केला आणि शाळा सुटल्यावर त्याच्या घरी गेले. पोराला काही झालं नाही, नशीब. पण त्याचे वडील काही बेफिकीर माणूस नव्हते. ते म्हणाले, "मॅडम, मागच्या वर्षी एका कोपऱ्यातला निम्मा गहू उंदरांनी नेला. आम्ही काय करायचं, तुम्हीच सांगा." त्यांचा प्रश्न खरा होता. नुसतं "विष वापरू नका" म्हणून शिक्षकाने घरी निघून येणं बरोबर नाही. म्हणून हा लेख.

१. आधी ओळख : कोण उंदीर, कोण नाही

सुरुवात एका गमतीशीर घोटाळ्यापासून करा. इंग्रजी गोष्टीत 'मोल' नावाचा प्राणी येतो. जमिनीखाली राहतो, मातीचे ढीग करतो, मऊ मखमली अंगाचा असतो. मुलं विचारतात, "मॅडम, मोल म्हणजे काय?" शब्दकोश उघडला तर बहुतेक वेळा 'चिचुंद्री' किंवा 'छछुंदर' असं उत्तर मिळतं. पण ते बरोबर नाही.

मोल हा युरोपात, ब्रिटनमध्ये शेता-कुरणांत आढळणारा प्राणी. त्याचे पुढचे पंजे फावड्यासारखे रुंद असतात. तो गांडुळं आणि किडे खातो, धान्य खात नाही. त्याच्या बोगद्यांमुळे मुळं उघडी पडतात आणि मातीच्या ढिगांमुळे कुरण खराब होतं, म्हणून तिकडचे शेतकरी त्याच्यावर चिडतात. भारतात मोल ईशान्येकडे आणि पूर्व हिमालयात आहेत. आपल्या महाराष्ट्रात ते नाहीत. मग आपल्या बांधावर मातीचे ढीग कोण करतं? तर घूस आणि उंदीर.

फळ्यावर चार नावं लिहा :

घूस – आपल्या शेतातली मुख्य नुकसान करणारी. अंगाने जाड, रंगाने काळपट-तपकिरी, केस राठ. बिळाच्या तोंडाशी ताज्या भुसभुशीत मातीचा ढीग असतो आणि पुष्कळदा तोंड आतून मातीनेच बंद केलेलं असतं. बिळात धान्य साठवायची तिला सवय. ऊस, गहू, भात, भुईमूग यातलं काहीही तिला चालतं.

लांब शेपटीचा उंदीर – कोरडवाहू, हलक्या जमिनीत जास्त. अंग पिवळसर-तपकिरी, पोट पांढरं, शेपटीच्या टोकाला केसांचा झुपका. मागचे पाय लांब असल्यामुळे उड्या मारत पळतो.

लहान शेतउंदीर – अंगठ्याएवढा दिसतो म्हणून त्याच्याकडे दुर्लक्ष होतं, पण तोही धान्य खातो.

चिचुंद्री – लांब निमुळतं तोंड, बारीक डोळे, उग्र वास, 'चिक् चिक्' आवाज. ही उंदीर नाहीच! ती झुरळं, किडे, अळ्या खाते. तिची पिल्लं एकमेकांची शेपटीजवळची कातडी तोंडात धरून आईमागे आगगाडीसारखी रांगेत चालतात. हे सांगितलं की वर्गात हमखास हशा पिकतो आणि मग चिचुंद्री कायमची लक्षात राहते.

मुलांना एवढं कळलं तरी खूप झालं, की दिसेल त्या बारीक जनावराला मारायचं नसतं. आधी ओळखायचं असतं.

२. उंदीर एवढं कुरतडतो का?

हा मुलांचा आवडता प्रश्न. उत्तर सोपं आहे. उंदराचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात. ते झिजवले नाहीत तर तोंड मिटणं अवघड होईल. म्हणून तो भूक नसतानाही कुरतडतो, मग लाकूड असो, ठिबकची नळी असो, पोतं असो, नाहीतर उसाचं कांडं. त्यामुळे नुकसान फक्त खाण्याचं होत नाही. गव्हाचं ताट तो खालून तिरकं कापतो, ओंबी ओढून बिळात नेतो. उसाचं खालचं कांडं पोखरलं की ऊस लोळतो आणि वाळतो. घरातल्या धान्यात लेंड्या आणि मूत्र मिसळलं की ते धान्यही वाया जातं.

आता गणित. उंदीर रोज साधारण आपल्या वजनाच्या दहाव्या भागाइतकं खातो. एक घूस २५० ग्रॅमची धरा. रोज किती खाईल? २५ ग्रॅम. वर्षाला? २५ × ३६५ = ९१२५ ग्रॅम, म्हणजे नऊ किलोहून जास्त. साठवलेलं आणि नासवलेलं वेगळं.

दुसरं गणित मुलांना फार आवडतं. एक जोडी घ्या. प्रत्येक मादी एका फेरीत ६ पिल्लं देते, त्यांत ३ माद्या आणि ३ नर, आणि कुणीच मरत नाही असं समजा. पहिल्या फेरीनंतर उंदीर किती? ८. दुसऱ्या फेरीनंतर? ३२. तिसऱ्या? १२८. घुशीचा गर्भकाळ साधारण तीन आठवड्यांचा असतो आणि पिल्लं तीनेक महिन्यांत वयात येतात, म्हणजे अशा तीन फेऱ्या एका वर्षात सहज होऊ शकतात.

इथे थांबा आणि विचारा, "मग आपल्या गावात उंदरांचा समुद्र का झाला नाही?" मुलं विचार करतात. कुणी म्हणतं मांजर, कुणी साप, कुणी घुबड. झाली अन्नसाखळी! व्याख्या नंतर लिहा.

३. कृती : जिवंत बिळं मोजणे

शेतीतले जाणकार हीच पद्धत वापरतात आणि ती आपल्या मुलांनाही जमते. शाळेशेजारच्या एका पालकांची परवानगी घेऊन आम्ही त्यांच्या बांधावर केली.

पहिला दिवस, संध्याकाळ : मोठ्या माणसांनी बांधावरची सगळी बिळं फावड्याने माती ओढून बुजवायची. मुलांनी लांबून फक्त मोजायची.

दुसरा दिवस, सकाळ : किती बिळं पुन्हा उघडली ते मोजायचं. जी उघडली ती 'जिवंत'. बाकीची रिकामी.

यातून दोन गोष्टी कळतात. एक, उपाय फक्त जिवंत बिळांवर करायचा, म्हणजे कष्ट आणि पैसा वाचतो. दोन, उपायाचा उपयोग झाला का ते तपासता येतं. उपायानंतर आठ-दहा दिवसांनी पुन्हा बुजवा, पुन्हा मोजा. समजा आधी २४ बिळं जिवंत होती आणि नंतर ६ राहिली. कमी झाली १८. १८ भागिले २४ गुणिले १०० म्हणजे ७५ टक्के यश. शेकडेवारी कशाला शिकायची, असा प्रश्न त्या दिवसानंतर माझ्या वर्गात कुणी विचारला नाही.

सूचना मात्र कडक द्या. पायांत बूट किंवा चप्पल हवीच. बिळात हात घालायचा नाही, काठी घालायची नाही, वाकून बघायचं नाही. उंदराच्या रिकाम्या बिळात नाग, घोणस राहतात. ही कृती मोठं माणूस सोबत असल्याशिवाय करू नका.

४. उपाय : विष सगळ्यात शेवटी

त्या वडिलांना मी जे सांगितलं आणि नंतर कृषी सहायकांना विचारून जे पक्कं केलं, ते क्रमाने लिहिते.

*पहिली पायरी, निवारा मोडा.* रुंद, गवताळ, न हललेला बांध म्हणजे उंदरांची वसाहत. बांध शक्य तेवढे अरुंद ठेवा, गवत काढा. कडब्याच्या गंजी, लाकडं, मोडकं सामान शेताच्या आणि घराच्या कडेला वर्षानुवर्षं पडू देऊ नका. उन्हाळ्यात नांगरट करताना बिळं मोडतात. धान्य जमिनीवर पोत्यात ठेवण्यापेक्षा पत्र्याच्या कोठीत ठेवा.

*दुसरी पायरी, वेळ साधा आणि सगळे मिळून करा.* ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे. एकट्याने आपल्या शेतात उपाय केला तर शेजारच्या शेतातले उंदीर आठवड्यात रिकाम्या जागी येतात. शिवारातल्या सगळ्यांनी एकाच आठवड्यात केलं तरच फरक पडतो. आणि योग्य काळ म्हणजे मे-जून, पेरणीच्या आधी. तेव्हा शेतात खायला काही नसतं, उंदीर कमी असतात, बिळं बांधावर स्पष्ट दिसतात. आपण नेमकं उलटं करतो. ओंब्या भरल्या की धावपळ सुरू. पण समोर ताटभर गहू उभा असताना उंदीर आपल्या गोळीकडे कशाला बघेल?

*तिसरी पायरी, सापळे.* पिंजरा, चापाचा सापळा, आत गेलेला बाहेर न येणारा मोठा पिंजरा, सगळे चालतात. सापळा भिंतीला किंवा बांधाला लागून ठेवा, कारण उंदीर उघड्यावरून न जाता कडेकडेने जातो. पहिले दोन-तीन दिवस सापळा न लावता नुसतं खाणं ठेवा, म्हणजे त्याची भीती जाते.

*चौथी पायरी, आपले राखणदार सांभाळा.* गव्हाणी घुबड रात्री उंदरांवरच जगतं. शेतात इंग्रजी 'टी' आकाराचे पक्षीथांबे उभे केले की त्याला बसायला जागा मिळते. फक्त पिकाला दाणे भरू लागले की थांबे काढा किंवा दिवसा लक्ष ठेवा, नाहीतर दाणे खाणारे पक्षी त्यावर बसतात. धामण बिनविषारी आहे आणि बिळात शिरून उंदीर खाते. ती म्हशीच्या पायाला विळखा घालून दूध पिते, ही नुसती समजूत आहे. सापाचं तोंड दूध ओढून पिण्यासारखं नसतंच. तरी मुलांना सांगा, साप ओळखायचं काम आपलं नाही. दिसला की लांब व्हायचं आणि मोठ्यांना सांगायचं.

इथे आणखी एक गोष्ट. कोकणात आणि सह्याद्रीच्या पायथ्याशी कातकरी समाजाला बिळाच्या तोंडावरून आत कोण आहे हे ओळखण्याची पिढ्यान्‌पिढ्यांची जाण आहे. बीळ खणून ते उंदीरही पकडतात आणि साठवलेलं धान्यही परत काढतात. तुमच्या वर्गात या समाजाची मुलं असतील तर या विषयावर कुणी त्यांना हसणार नाही याची काळजी घ्या. उलट, या पाठापुरती तीच तुमची तज्ज्ञ मंडळी आहेत. त्यांना बोलू द्या.

५. विषाबद्दल पालकांसाठी

वरचं सगळं करूनही कधी विष वापरावं लागतं, हे मला मान्य आहे. प्रमाण मी इथे देणार नाही. ते कृषी सहायकांना विचारा आणि पाकिटावरचं वाचा. पण काय वापरतोय ते माहीत हवं.

*झिंक फॉस्फाइड* – काळपट राखाडी पूड. पोटातल्या आम्लाशी मिसळली की विषारी वायू तयार होतो. यावर खास असा उतारा नाही. आणि उंदीर हुशार असतो. थोडं चाखून त्रास झाला की ते आमिष तो पुन्हा खात नाही. म्हणून आधी दोन-तीन दिवस बिनविषारी खाणं देऊन मगच एकदा विषाचं देतात. दर आठवड्याला तीच गोळी टाकत राहण्याचा काही उपयोग नाही.

*ब्रोमॅडिओलोन* – रंगीत वड्यांच्या रूपात मिळतं. रक्त गोठू देत नाही. उंदीर काही दिवसांनी मरतो, त्यामुळे त्याला संशय येत नाही. यावर के-१ जीवनसत्त्वाचा उतारा डॉक्टरांकडे असतो. पण वड्या लहान मुलाला चॉकलेटसारख्या वाटतात, हे विसरू नका.

*ट्यूबमधलं मलम* – टूथपेस्टसारखं दिसतं. यात पिवळा फॉस्फरस असतो आणि तो यकृत निकामी करतो. पहिल्या दिवशी माणूस बरा वाटतो आणि नंतर बिघडतो. माझी विनंती आहे, ही ट्यूब घरात आणूच नका.

आता नियम :

१. विष कालवण्याचं काम मुलांना कधीही सांगू नका, 'जरा हे धर' इतपतही नाही.
२. हाताने कालवू नका. हातमोजे घाला, काठी वापरा. ते भांडं पुन्हा स्वयंपाकघरात आणू नका.
३. विष कुलपात ठेवा, मूळ पाकिटातच ठेवा. जुन्या डब्यात, बाटलीत काढून ठेवू नका.
४. आमिष जिवंत बिळाच्या आत टाकून तोंड बुजवा. उघड्यावर ठेवलं तर कुत्रं, कोंबडी, शेळी खाईल.
५. मेलेले उंदीर रोज गोळा करून खोल पुरा. विष खाल्लेला उंदीर घुबडाने खाल्ला तर घुबडही दगावू शकतं.
६. मुलाने विष खाल्ल्याची नुसती शंका आली तरी घरगुती उपाय नको. दूध, तूप, मिठाचं पाणी काही नको. मुद्दाम उलटी करवू नका. विषाचं पाकीट सोबत घ्या, १०८ ला फोन करा आणि थेट दवाखाना गाठा. 'आता बरा दिसतोय' म्हणून थांबू नका.

आणि एक. उंदरांच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिस होतो. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात भातखाचरांत, पायाच्या जखमेतून जंतू शरीरात शिरतात. खूप ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल होणं, असं दिसलं तर लगेच डॉक्टरांना दाखवा आणि शेतात काम केलं होतं हेही सांगा. मेलेला उंदीर उघड्या हाताने उचलू नये, तो यासाठीच.

६. मुलांनी विचारलेले दोन प्रश्न

"मॅडम, उंदीर तर गणपतीचं वाहन. मग त्याला मारायचं का?" मी म्हटलं, "घुबड कुणाचं वाहन?" एक मुलगी म्हणाली, "लक्ष्मीचं!" मग मीच म्हटलं, "बघा, एक वाहन दुसऱ्याला खाऊनच जगतं. निसर्गात दोघांनाही जागा आहे. आपल्याला उंदीर संपवायचा नाही. आपलं धान्य वाचेल इतपत त्याला आवरायचा आहे. म्हणून या पाठाचं नाव 'नियंत्रण' आहे."

"माझी आजी म्हणते घुबडाला दगड मारला तर ते दगड झेलतं आणि नदीवर नेऊन घासतं. दगड झिजला की माणूस झिजतो." मी आजीला खोटं ठरवलं नाही. म्हटलं, "दगड झिजल्याने माणूस झिजत नाही. पण घुबडाला दगड मारू नये, हे आजीचं अगदी बरोबर आहे. घुबड गेलं तर आपला गहू मात्र नक्की झिजतो."

७. स्वाध्याय

१. घूस आणि चिचुंद्री यांतले तीन फरक लिहा.
२. एका बांधावर ४० बिळं बुजवली. सकाळी ३० उघडली. उपायानंतर ९ च उघडली. यश किती टक्के? (उत्तर : ७०)
३. गहू – उंदीर – धामण – मोर. या साखळीतून धामण काढली तर काय होईल? पाच ओळी लिहा.
४. घरातल्या मोठ्यांना विचारा, "पूर्वी उंदरांवर काय उपाय करत?" ऐकलेलं वहीत लिहून आणा.
५. पालकांसोबत घरात फिरून विषारी वस्तू कुठे ठेवल्या आहेत ते बघा. हात लावू नका. मुलाचा हात पोचत असेल तर जागा बदलायला सांगा.

पाचवा स्वाध्याय मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. दुसऱ्या दिवशी माझ्या वर्गातल्या नऊ मुलांनी सांगितलं, "मॅडम, आमच्या घरी जागा बदलली." एका घरात ती ट्यूब देवळीत, टूथपेस्टच्या शेजारीच होती.

आणि ज्याच्यापासून ही गोष्ट सुरू झाली, त्या मुलाच्या वडिलांनी मे महिन्यात शेजारच्या चार शेतकऱ्यांना सोबत घेतलं. बांध साफ केले, बिळं बुजवून मोजली. मोजणीची वही त्यांच्या पोराच्या हातात होती आणि पिठाला मात्र त्याने हात लावला नाही. यंदा गहू किती वाचतो ते सुगीला कळेल. तेव्हा पुन्हा लिहीन.

तुमच्या शाळेत हा पाठ घेतलात तर मुलांचे प्रश्न जरूर कळवा. आपल्यालाही त्यातून शिकायला मिळतं.